आत्या, भिंत तरंगली नाही

प्रिय आत्या,

भिंत तरंगली नाही. हे आधी सांगून टाकतो, बाकीचं मागाहून. पाण्याखाली आहे, जागच्या जागी आहे, तसूभरही सरकलेली नाही. तू हरलीस.

आता तू म्हणशील, गेलेल्या माणसाला पत्रात असं बोलतात का? मग काय करू? घरात तुझं वर्ष पाळतायत. यंदा आकाशकंदील नाही, चकलीचा सोऱ्या माळ्यावरून खाली उतरलेला नाही, पप्पा टीव्हीचा आवाजसुद्धा बारीक ठेवतात. अशा घरात मी जिंकलो, मी जिंकलो म्हणत कसा फिरू? आणि ज्या माणसाशी माझं भांडण चाललं होतं, तेच माणूस भांडण अर्धं टाकून निघून गेलं. आषाढातल्या त्या सकाळी नर्सरीत जायला निघालीस, चपला पायात सरकवत म्हणालीस, "तुझी भिंत तरंगणार." मी मान वर न करता म्हटलं, "नाही तरंगणार." दुपारी घोलवडच्या नर्सरीतून फोन आला की तुझ्या छातीत कळ आली आणि कलमांच्या रांगेतच तू खाली बसलीस. आम्ही हॉस्पिटलात पोचलो तोवर सगळं आटपलं होतं.

शेवटचं बोलणं असं असतं का गं कुणाचं? लोक देवाचं नाव घेतात, मागच्यांची काळजी सांगतात. तू थर्माकोलबद्दल बोलून गेलीस.

म्हणून हे पत्र. भांडण पुरं करायला.

पहिल्यापासून सांगतो, कारण तुझी सवय मला माहीत आहे. तुला सोयीचं तेवढंच तुझ्या लक्षात राहायचं.

कॉलेज सोडलं तेव्हा घरात काय झालं ते आठव. प्रॅक्टिकलच्या तासाला सर म्हणाले बाहेर जा, आणि मी जो बाहेर गेलो तो गेलोच. दुसरं वर्ष अर्ध्यावर. आई रडली. पप्पांनी माझ्याशी बोलणं टाकलं, आणि बोलले तेव्हा एवढंच की उंबरगावला त्यांच्या कंपनीत हेल्पर म्हणून चिकटवतो. तू एकटी हसलीस. "अरे गधड्या, सरांनी वर्गाच्या बाहेर जा म्हटलं होतं, कॉलेजच्या नाही."

मग भाकरी वाढता वाढता हळूच विचारलंस, "पोरगी कोण आहे?"

"कुठली पोरगी?"

"नुसतं सरांवर चिडून कुणी कॉलेज सोडत नाही. कुणीतरी बघत असलं पाहिजे."

हेतल बघत होती. तलासरीहून रोज यायची, पुढच्या बाकावर बसायची. सर माझ्यावर ओरडले तेव्हा वर्ग हसला आणि ती हसली नाही. मला त्या न हसण्याचीच लाज वाटली, हे तुला कळलं होतं. पप्पांना आजवर कळलेलं नाही. आणि तू गप्प बसणारी थोडीच? नर्सरीतून येताना मुद्दाम वाकडी वाट करून बसस्टॉपवर तिला पाहून आलीस, आणि घरी येऊन निकाल दिलास, "पोरगी चांगली आहे. तू नाहीस."

मग टँक. डहाणू रोडला एक कुटुंब घर रिकामं करून चाललं होतं, त्यांचा जुना फिश टँक मी उचलून आणला. नुसत्या माशांचा नाही, झाडांचा टँक करायचा हे मी मोबाइलवर बघून बघून ठरवलं होतं. तळाला माती, वर रेती, त्यात पाण्यातली झाडं, पाण्यातच वाढणारी, आणि त्या हिरव्यात फिरणारे मासे. जणू ओहोळाचा एक तुकडा कापून काचेत ठेवलाय. मी झाडं लावली, गप्पी मासे सोडले, आंघोळीला गेलो. बाहेर येतो तर पाण्याचं ताक झालेलं आणि तू बाजूला हात पुसत उभी.

"काय घातलंस?"

"मूठभर निंबोळी पेंड. झाडं मलूल दिसत होती."

तुझ्या नर्सरीत प्रत्येक पिशवीत पेंड जाते हे खरं. पण तिथे पिशवीत मासे नसतात, आत्या. सगळे गप्पी संध्याकाळपर्यंत उलटे. मी आकाशपाताळ एक केलं, आणि तू वर मलाच विचारतेस, "कडुनिंबाने कधी कुणाचं वाईट झालंय का?" ह्या एका गोष्टीचा मी अजून राग धरून आहे. कमीत कमी एकदा तरी "चुकलं" म्हणायचं होतंस. तुला तो शब्द शिकवलाच नव्हता कुणी. मलाही नाही, ते सोड.

त्यानंतर भिंत. टँकच्या मागच्या काचेवर लोक दुकानातला निळा कागद चिकटवतात, समुद्राचा, त्यावर छापलेले मासे. तुला तोच हवा होता. "किती स्वच्छ दिसतं," म्हणायचीस. मला नको होता. खोट्या समुद्रापुढे खरी झाडं लावायची, हे कसलं? मला आपल्या गावच्या ओहोळाची दरड हवी होती, काळा फत्तर, मधे मधे कपारी, त्यांतून उंबराची मुळं बाहेर आलेली. तू लहानपणी जिथे कपडे आपटायचीस ती. फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल आणला, गरम सुरीने कापून फत्तर कोरला, गोंदाने काचेला चिकटवला, पाणी भरलं.

आणि तरंगली. हे मी मान्य करतो. नुसती तरंगली नाही, काचेपासून सुटून अशी उसळली की अर्धं पाणी तुझ्या अंथरुणावर. तू ओल्या गोधडीवर बसून पोट धरून हसत होतीस. "दरवर्षी विसर्जनानंतर गणपतीची मखरं किनाऱ्याला लागतात, ती काय पोहायला शिकलेली असतात? थर्माकोल तरंगायचाच."

"पक्की बसवीन."

"बसव. तरंगणार."

इथून आपलं भांडण सुरू झालं. आणि नेमकं त्याच आठवड्यात मी तलासरीला जाऊन तोंड उघडलं.

हेतलच्या वडिलांचं हायवेवर हॉटेल आहे, तुला माहीत होतं. शुद्ध शाकाहारी, गुजरातकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात. सुट्टीच्या दिवशी हेतल काउंटरला बसते. मी आपल्या सरावलीहून एसटीने जायचो, एक चहा घ्यायचो आणि तो चहा दोन तास पुरवायचो. एक दिवस तिचे वडील, जयंतीभाई, स्वतः माझ्या टेबलापाशी आले.

"तू दरवेळी एक चहा पितो. धंदा काय तुझा?"

"टँक बनवतो, काका. झाडांचे. मासे असतात."

"मासे? आपलं शाकाहारी हॉटेल आहे, भाई."

वेटर हसले, दोन गिऱ्हाइकं हसली. हेतल हसली नाही. झालं. माझ्या डोक्यात जाळ. त्यांच्या काउंटरमागे धबधब्याचा एक मोठा फोटो होता, मागून ट्यूब लावलेला, त्यातलं पाणी उन्हाने पिवळं पडलेलं. मी बोट दाखवलं. "तो फोटो काढा. तिथे खरं पाणी उभं करतो. गाड्या थांबवून लोक बघतील."

जयंतीभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग काउंटरकडे पाहिलं. माणूस आंधळा नाही. म्हणाले, "बसव. तुझ्या खर्चाने. दसऱ्यापर्यंत पाणी साफ, झाडं हिरवी, मासे जिवंत राहिले तर टँक राहील. नाहीतर टँक पण जाईल आणि तू पण. मग या दारात परत दिसायचं नाही, समजलं ने?"

"समजलं."

घरी येऊन तुला सांगितलं तर तू कपाळाला हात लावलास. आणि हेतल? मला वाटलं होतं खूश होईल. बसस्टॉपवर तिने मला असं झाडलं की बाजूची माणसं सरकून उभी राहिली. "मी काय पेटीतला मासा आहे, तुम्ही दोघांनी माझ्यावर पैज लावायला? पैज तुमची. माझं काय ते मी ठरवीन." मी म्हटलं, पैज टँकवर आहे. ती म्हणाली, "हो? मग डोंबिवलीच्या एखाद्या हॉटेलात का नाही लावलीस?"

मी समोर आलेल्या एसटीत चढलो, कुठली ते न बघता.

तर भिंत दुसऱ्यांदा केली. ह्या खेपेला थर्माकोलवर सिमेंटचे पातळ हात दिले, तीन, काळा रंग कालवून, प्रत्येक हात सुकल्यावर दुसरा. सिमेंटचा खार पाण्यात उतरला तर झाडं जळतात, म्हणून अख्खी भिंत तुकड्यातुकड्यांनी ड्रममध्ये बुडवून ठेवायची आणि पाणी बदलत राहायचं, हे मी तुला दहादा सांगितलं होतं. तू काय केलंस? ड्रममधलं पाणी वाया जाऊ नये म्हणून मोगऱ्याला घातलंस. मोगरा पिवळा पडला आणि शिव्या मला. "तुझ्या भिंतीने माझं झाड खाल्लं." पण पाणी बदलायचं सोडलं नाहीस. मी तलासरीला गेलो की ड्रम रिकामा करून भरून ठेवायचीस, वर दगड ठेवायचीस तुकडे बुडून राहायला, आणि मी आलो की म्हणायचीस, "बघ, दगड काढला की वर येतात."

तू गेलीस तेव्हा भिंत ड्रममध्येच होती.

दिवस झाल्यावर पप्पा म्हणाले, आता हे बास, कंपनीत बोलणं करून ठेवलंय. मी म्हटलं, दसरा होऊ द्या, हरलो तर दुसऱ्या दिवशी येतो. ते काहीतरी कडक बोलणार होते, पण अंगणात गेले, ड्रम पाहिला, आणि पाणी बदललं. पप्पांनी. तू असतीस तर टोमणा मारला असतास, मी आत निघून गेलो.

श्रावणात टँक बसवला. चार फुटी, नवा. भिंत मागच्या काचेला सिलिकॉनने चिकटवली. त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, हॉटेलभर पसरला, जयंतीभाई म्हणाले, माझी कढी नासली की काय. वास पुरता जाईस्तोवर पाण्याचा थेंब भरला नाही. भिंतीच्या पायथ्याला दगड दाबले. तळाला आपल्या परसातली लाल माती, बिनखताची. वर नदीची रेती चाळून, धुऊन. पप्पा म्हणत होते समुद्रावरची आण, पण तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, पाणी जड होतं. मग वाडीतून चिकूचं वाळकं मूळ आणलं होतं ते उकळून ठेवलं आणि त्यावर फर्न बांधलं. हे फर्न मातीत लावायचं नसतं, लाकडाला धरून वाढतं. बांधताना तुझी कलमाची गाठ मारली. खिरणीच्या रोपाला चिकूची फांदी बांधताना मारायचीस ती, दोन वेढे आणि खालून ओढ. बाकी कुठलीच गाठ पाण्यात टिकेना. एवढं श्रेय तुला देतो, जास्त मागू नकोस.

मग पाणी भरलं. नळी हातात धरून मी भिंतीकडे बघत होतो. पाणी पायथ्याला आलं. कपारीपर्यंत आलं. वरच्या मुळाला टेकलं. काठोकाठ झालं.

भिंत तिथेच.

तिथे हॉटेलात मी एकदम हसलो, एकटाच. वेटर म्हणाला काय झालं. काय सांगणार त्याला? की माझी आत्या आत्ता हरली?

पण पैज कुठे संपली होती? झाडं मूळ धरेपर्यंत आणि पाणी मुरेपर्यंत मासे सोडायचे नसतात. जयंतीभाईंना ते पटेना. "मासे कुठे?" "यायचेत." "पाण्याची पेटी आणून ठेवली, भाई ह्याने." गिऱ्हाइकं काचेला नाक लावून मासे शोधायची. एक काका सुरतहून आले होते, त्यांनी पाच मिनिटं बघून विचारलं, "यहाँ वाला मछली किसी ने खा लिया क्या?" वेटर म्हणाला, "नहीं साहब, शाकाहारी है, मेनू में नहीं है." सगळं हॉटेल हसलं. त्या दिवशी मीही हसलो. तुला खरं वाटणार नाही, पण मी हात उगारला नाही.

त्यात काचेवर हिरवी शेवाळी चढायला लागली, कारण टँक शोभेचा म्हणून वेटर दिवा चोवीस तास चालू ठेवायचे. मी ओरडून ओरडून थकलो. एक दिवस गेलो तर दिवा बंद आणि बटणावर चिकटपट्टी. हेतल काउंटरवरून म्हणाली, "मी बंद करते वेळेवर. तुझ्यासाठी नाही. झाडांसाठी. मला तिसऱ्या वर्षाला बॉटनी आहे."

शेवाळी गेली. गणपतीनंतर मासे सोडले. गप्पी, आणि लाल-निळे टेट्रा, छोटे छोटे, थव्याने फिरणारे. काळ्या दरडीपुढून तो थवा पहिल्यांदा वळला ना, आत्या, तेव्हा अख्ख्या हॉटेलातला चमच्यांचा आवाज थांबला. निळ्या कागदापुढे वळला असता तर दिसलाही नसता. लिहून घे.

आणि मग जयंतीभाई बदलत गेले. आधी टँकजवळ एक स्टूल आलं. मग त्या स्टुलावर दुपारी ते स्वतः बसायला लागले. कुणाच्या पोराने काचेवर टकटक केलं तर अर्धी पुरी टाकून उठायचे. सगळ्यात मोठ्या गप्पीचं नाव त्यांनी शेठ ठेवलं. मला तरी अजून "ए मच्छीवाला" अशीच हाक. पण शेठला खायला घातलं की नाही हे मला फोन करून विचारायचे.

आणि म्हणूनच दसऱ्याला जे झालं ते झालं. प्रेमाने झालं, तुझ्या पेंडीसारखं.

दसऱ्याच्या सकाळी हॉटेलात फाफडा-जिलेबीची रांग रस्त्यापर्यंत. मी नवा शर्ट घालून गेलो होतो. आज निकाल, पाणी आरशासारखं, झाडं हिरवीगार, मी जिंकलेलोच होतो. आत शिरलो आणि पाहिलं तर टँकला झेंडूचा हार, काचेवर हळदकुंकवाची बोटं, वर नारळ. आणि पाणी पांढरट. सगळे मासे वर येऊन तोंडं उघडतायत.

"काय घातलंत ह्याच्यात?"

जयंतीभाई रेशमी झब्बा घालून, कपाळाला टिळा, हसत पुढे आले. "पूजा केली सकाळी. गल्ल्याची केली, काट्याची केली, गाडीची केली. मग टँकची नको? पंचामृत घातलं, एक वाटी. शेठने पण प्रसाद घेतला."

दूध, दही, मध, तूप, साखर. पाण्यात. वाटीभर.

क्षणभर मला वाटलं, आता ह्या माणसाच्या अंगावर जाऊ. तिथेच मला हेही कळलं की पैज आज होती, आणि मासे मेले तर ती मीच हरणार होतो, दूध कुणीही घातलेलं असो. आवाज चढलाच माझा. पण भांडायला वेळ नव्हता, म्हणून नुसतं कामाचं ओरडलो.

"काका, बाजूला व्हा. बादल्या आणा."

"अरे पण गिऱ्हाईक..."

"गिऱ्हाईक थांबेल, मासे नाही थांबणार. मागे ड्रममध्ये मी पाणी मुरवून ठेवलंय, ते आणा. झब्ब्याच्या बाह्या वर करा."

ज्या माणसापुढे वेटर मान वर करत नाहीत त्याला मी बाह्या वर करायला सांगत होतो. आणि आत्या, त्यांनी केल्या. रेशमी झब्बा, कपाळाला टिळा, दोन हातांत दोन बादल्या, फाफड्याच्या रांगेतून वाट काढत जयंतीभाई पळत होते. "हटो, हटो, शेठची तबियत बिघडली." मी नळीने खालचं पाणी ओढून बाहेर सोडत होतो. हेतलने गल्ला तसाच टाकला, बाहेरच्या बादल्या रिकाम्या करायला लागली. तिची ओढणी पाण्याने जड झाली तशी तिने ती कमरेला खोचली. रांगेतल्या लोकांनीही हात लावला. कुणी विचारत होतं, आग लागली का? नाही, मासे. बरं, द्या बादली.

पाऊणएक टँक बदलला. हवेचा पंप जोरात सोडला. मग सगळे काचेसमोर उभे. एकेक मासा वरून खाली उतरायला लागला. आधी टेट्रा, थव्याने. मग गप्पी. सगळ्यात शेवटी शेठ, शेपटी हलवत, जसा काही फिरून आला.

"जिवंत," जयंतीभाई म्हणाले. मग एकदम थांबले. "एक नाही."

एक छोटा टेट्रा फर्नमध्ये अडकला होता. मी जाळी शोधत होतो तोवर त्यांनी हात आत घातला. जन्मात मासा न शिवलेला माणूस तो. ओंजळीत घेऊन उभे राहिले. "ह्याचं काय करतात?"

"पुरतात, काका. झाडाखाली."

ते मागे गेले, कढीपत्त्याच्या कुंडीत बोटाने खड्डा केला, पुरला, हात जोडले. परत येऊन म्हणाले, "पैज मी हरलो. दूध माझं होतं. टँक राहील."

मी टँकवरचा नारळ उतरवून त्यांच्या हातात दिला.

जाताना हेतलने मला हाक मारली. हात ओलेच होते, त्यातलं आपट्याचं पान भिजून मऊ झालेलं. "सोनं घे." मी घेतलं. "पैज पप्पा हरले," ती म्हणाली, "मी अजून काही म्हटलेलं नाही." पण हे म्हणताना ती हसली, आत्या. वर्गात सगळे हसले तेव्हा न हसलेली पोरगी.

हे झालं दसऱ्याचं. आज काय झालं ते सांगायचं राहिलं, खरं तर त्याच्यासाठीच मी कागद घेऊन बसलोय.

आज मी पानं छाटायला गेलो होतो. दुपारची वेळ, हॉटेल रिकामं. जयंतीभाई स्टुलावर होते. वापीला त्यांच्या साडूचं हॉटेल आहे, त्याला टँक हवाय, बोर्डीच्या एका वाडीवाल्यालाही हवाय, असं बोलले. मी बरं म्हटलं, वर वर साधंच, आतून तुला माहीतच आहे कसं. मग ते एकदम म्हणाले, "तुझं नाव काय रे?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"प्रशांत."

ते जे हसले, पार खोकला लागला. "तू? प्रशांत? कोणी ठेवलं हे?"

"आत्याने."

"मोठी मस्करी केली तिने." डोळे पुसत म्हणाले, "घरी कोण कोण असतं?"

हा प्रश्न कधी विचारतात ते तुलाही कळतं, मलाही कळतं. काउंटरला हेतल जिलेबी तोलत होती, तिचा हात काट्यावरच थांबला. मी म्हटलं, "आई, पप्पा, आत्या."

म्हणून गेलो. जीभ तशीच वळली. मग सांगावं लागलं, "आत्या होती. आषाढात गेली."

ते स्टुलावरून उठले. हसण्याचा त्यांना पश्चात्ताप झाला असावा. मग म्हणाले, "तिचं वर्ष होऊ दे. मग पप्पांना घेऊन ये. चहा प्यायला."

चहा प्यायला, आत्या. ह्याचा अर्थ मी तुला सांगायला पाहिजे का?

हेतल एसटीपर्यंत आली, पहिल्यांदाच, उघड उघड, बापासमोरून. "वर्ष कधी पुरं होतं तुमचं?" तिने विचारलं. मी म्हटलं, आषाढात. तिने बोटांवर काहीतरी मोजलं. "तोवर माझी परीक्षा होऊन जाईल. मग या." एवढंच. आणि गाडी आली.

पप्पांना घरी येऊन सांगितलं. उंबरगावच्या कंपनीचं नाव त्यांनी काढलं नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट कुठे आहे, म्हणून आईला विचारत होते. आषाढ अजून किती लांब आहे, आणि हा माणूस आतापासून शर्ट शोधतोय.

तर आता वचन देतो, नीट ऐक. त्या दिवशी जयंतीभाईंच्या घरी मी एक शब्द बोलणार नाही. पप्पा बोलतील, आई बोलेल, त्यांच्याकडचे काका-मामा काय वाट्टेल ते बोलतील, कॉलेजचं काढतील, रागाचं काढतील. मी खाली मान घालून बशीतला चिवडा खाईन. तुझ्या गळ्याशप्पथ. फक्त कुणी विचारलं की ह्याचं नाव ठेवणारी आत्या कशी होती, तर मात्र मी बोलेन. आणि एकदा बोलायला लागलो की मग मला कुणी थांबवायचं नाही.

तुझाच,
प्रशांत